मुरूम, काळी आणि शिफारस : व्यापारी जागांच्या भूतांत्रिक अहवालांची भाषा

परीक्षणासाठी निवडलेल्या लेखनाला वाचक असावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात ज्या लेखनप्रकाराचा विचार करावयाचा आहे त्याला वाचक जवळजवळ नाहीत. जे थोडे आहेत ते त्याचे शेवटचे पान तेवढे वाचतात. आणि ज्याच्या हातून त्या पानाची अंमलबजावणी व्हावयाची, तो मनुष्य ते पान बहुधा पाहतही नाही. तथापि या लेखनातील एखादे वाक्य सैल राहिले तर त्याचा परिणाम दोन पावसाळ्यांच्या आत डोळ्यांना दिसतो. हे भाग्य आपल्या ललित लेखकांच्या वाट्यास क्वचितच येते.

हा लेखनप्रकार म्हणजे भूतांत्रिक अहवाल. एखाद्या जागेवर दुकानांचे संकुल, गोदाम, मंगल कार्यालय किंवा शीतगृह उभारण्यापूर्वी तेथे बोअर घेतात, मातीचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात, आणि पाया किती खोल न्यावा, आवारातील डांबरी रस्ता व वाहनतळ कसा बांधावा, याविषयी सल्लागार आपला लेखी अभिप्राय देतो. अहवालाचा शेवटचा भाग शिफारशींचा असतो. गेल्या काही वर्षांत सांगली–मिरज आणि सातारा–कराड या दोन पट्ट्यांतील जागांचे असे काही अहवाल प्रस्तुत लेखकास वाचावयास मिळाले. ते सारे इंग्रजीत आहेत. त्यांतील पायाविषयीचा मजकूर हा येथे विषय नाही. आवारातील डांबरी पृष्ठाविषयीच्या शिफारशी, त्यांतील शब्द आणि त्या शब्दांचा कामावरील माणसापर्यंत होणारा प्रवास, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने यात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. शिफारस ही एक भाषिक कृती आहे. वर्णन खरे किंवा खोटे असते. शिफारस खरी-खोटी नसते, ती पाळली जाते किंवा पाळली जात नाही. म्हणून तिची कसोटी ती ज्याने पाळावयाची त्याला तिच्यातून काय कळले, हीच असू शकते. या कसोटीवर हे अहवाल कोठे उतरतात आणि कोठे कोलमडतात, हे पाहावयाचे आहे.

प्रथम जमिनीकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांस 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी परिचित आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. या जोडीत आपल्या पूर्वजांचे भूतांत्रिक ज्ञान साठविलेले आहे, काळ्या मातीवर घर बांधू नये हे त्यांना ठाऊक होते, असे भाषणांतून ऐकू येते. हे विधान जपून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि शेणामुताचा निचरा यांनी वस्तीची जागा पांढुरकी होते. म्हणजे पांढरी ही पुष्कळदा वस्तीचा परिणाम असते, वस्तीचे कारण नव्हे. शब्दाच्या पोटात शास्त्र शोधण्याचा मोह आपल्या क्षेत्रात फार आहे. एवढे मात्र खरे की, काळी आणि वस्ती या दोन गोष्टी भाषेने वेगळ्या ठेविल्या होत्या, आणि आजची व्यापारी संकुले नेमकी काळीवर उभी राहात आहेत. महसुली व्यवहारात 'बिगरशेती' हा शब्द रूढ आहे. त्या शब्दाने जमिनीचा आकार बदलतो, कर बदलतो, किंमत तर पुष्कळच बदलते. जमिनीचा स्वभाव बदलत नाही.

तो स्वभाव थोडक्यात असा. दख्खनच्या पठारावरील काळा दगड झिजून जी माती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज विपुल असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते आणि ती आखडून हातभर भेगा पडतात. डांबराने झाकलेल्या आवारात ही क्रिया सर्वत्र सारखी होत नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मध्यभागी ओल वर्षभर जवळजवळ कायम राहते. कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे ओली-कोरडी होत राहते. म्हणून तडे प्रथम कडेला समांतर जातात. संकुलाच्या दाराशी हौसेने लावलेल्या फुलझाडांच्या वाफ्यालगत डांबर उचलले गेलेले आपण पाहतो, त्याचे कारण हेच आहे.

सातारा आणि सांगली एकाच कृष्णेच्या काठी आहेत, परंतु दोहोंची भुई एक नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे मुरूम हातभर खोलीवर लागतो. तेथील अडचण उताराची आहे. जागा सपाट करताना वरची बाजू कापून खालच्या बाजूस भर घालतात, आणि मग एकाच आवाराचा अर्धा भाग जुन्या मुरमावर व अर्धा नव्या भरावावर येतो. खचतो तो हा दुसरा अर्धा. माहुलीला कृष्णा-वेण्णा, कराडला कृष्णा-कोयना आणि हरिपूरला कृष्णा-वारणा असे संगम होत नदी सांगलीच्या परिसरात येते, तोवर काठच्या काळीची आणि मळीची जाडी पुष्कळ वाढलेली असते. वाळवे आणि मिरज या तालुक्यांतील अति-पाण्याने क्षारपड झालेल्या, चोपण बनलेल्या जमिनी तर सर्वश्रुत आहेत. शिवाय महापूर आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा धोक्याच्या पुष्कळ वर. रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. सांगलीच्या बाजारपेठेने त्या ऑगस्टमध्ये या चाचणीहून दीर्घ चाचणी दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

अहवालांचा जो भाग मोजमापांचा आहे त्याविषयी तक्रार करण्यास जागा नाही. किंबहुना गद्य म्हणून तो मला अतिशय आवडतो. उदाहरणार्थ, मुक्त फुगवटा निर्देशांकाची चाचणी घ्या. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करावयाचे. एक पाण्याच्या नळीत टाकावयाचा, दुसरा रॉकेलच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही नळ्यांतील मातीची उंची पाहावयाची; जेवढा फरक, तेवढा तिचा फुगण्याचा स्वभाव. हा आकडा ५० टक्क्यांवर गेला तर ती माती भरावासाठी वापरू नये, असा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांचा दंडक आहे. आकार्यता सीमेची चाचणी याहूनही घरगुती आहे. ओल्या मातीची तळहाताने काचेवर वळी वळीत न्यावयाची. वळी तीन मिलिमीटर जाडीची होताच जेव्हा तुटू लागते, तेव्हा तिच्यात जेवढे पाणी असेल ती आकार्यता सीमा. १९११ मध्ये ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनज्ञाने मातीच्या या अवस्थांचा विचार मांडला. शेवया वळणाऱ्या कोणाही गृहिणीला तो पाच मिनिटांत समजेल. आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस तो समजावयास मात्र अर्धा तास लागला, कारण ते प्रथम व्याख्या पाठ करू लागले.

रस्त्याखालच्या मातीच्या ताकदीचा आकडा 'सीबीआर' या अक्षरांनी ओळखला जातो. त्यातील पहिले अक्षर कॅलिफोर्नियाचे आहे. तेथील महामार्ग खात्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसविली, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानतळांच्या निमित्ताने ती जगभर गेली. फोडलेल्या चांगल्या खडीचा एक नमुना शंभर धरून आपली माती त्याच्या किती टक्के भरते हे त्यात पाहतात. भिजलेली काळी बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास भरते. भारतीय मार्ग परिषदेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार ही संख्या निदान ५ असावी लागते. येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. ही परिषद १९३४ मध्ये स्थापन झाली ती १९२७ च्या रस्ते समितीच्या शिफारशींतून, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. रस्त्यांचा आणि विद्यापीठीय मराठीचा संबंध आपण समजतो तितका दूरचा नाही.

तर, मोजमापे नेटकी असतात. काळी फुगणारी आहे, दुर्बळ आहे, हे सिद्ध होते. मग शिफारस येते. सर्व अहवालांत थोड्याफार फरकाने ती अशी असते : वरची काळी अमुक खोलीपर्यंत काढून टाकावी व त्या जागी चांगल्या प्रतीचा मुरूम भरून दाबावा, त्यावर पायथर, त्यावर खडीचा थर, त्यावर डांबरमिश्रित थर. थरांच्या जाड्या मिलिमीटरमध्ये दिलेल्या असतात, घनता टक्क्यांत असते. मुरूम मात्र 'चांगला' असतो. जेथपर्यंत मातीचे दोष सांगावयाचे आहेत तेथपर्यंत लेखक आकड्यांशिवाय एक पाऊल टाकीत नाही. उपाय सांगण्याची वेळ येताच तो विशेषणाचा आश्रय घेतो. माझा मुख्य आक्षेप या एका विशेषणावर आहे, आणि तो विशेषणाइतकाच त्यामागच्या नामावरही आहे.

'मुरूम' हा शब्द इंग्रज अभियंत्यांनी मराठीतून उचलला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध आंग्ल-भारतीय शब्दकोशात तो आहे. पश्चिम हिंदुस्थानात रस्त्यावर घालावयाच्या भरड द्रव्याला हे नाव आहे, आणि शब्द मराठी असावा, असा त्यांचा निर्वाळा आहे. मोल्सवर्थचा आधार घेऊन झिजलेल्या काळ्या दगडाशी त्यांनी तो जोडला आहे. म्हणजे आज आपल्या ठेकेदाराच्या हाती येणाऱ्या इंग्रजी अहवालात एकच मराठी शब्द असतो, तो शंभर-सव्वाशे वर्षे परदेशी कागदावर राहून आलेला असतो, आणि सारी शिफारस त्याच्यावर उभी असते. उसना गेलेला शब्द परत येताना आपल्या घरच्या छटा विसरून येतो. घरी त्याला छटा होत्या. विहीर खणणारे मऊ मुरूम, कठीण मुरूम, तांबडा मुरूम, पांढरा मुरूम, चुनखडीचा मुरूम असे भेद करतात. शेतकरी 'मुरमाड' म्हणतो तेव्हा त्याला पाणी न धरणारी जमीन अभिप्रेत असते.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीनेही या छटांपैकी दोन घेतल्या : मऊ मुरूम आणि कठीण मुरूम. परंतु तेथे त्या खोदाईच्या बाबीखाली आहेत. कुदळीने निघतो तो मऊ, पहारीवाचून निघत नाही तो कठीण, आणि मग खडक, सुरुंगाचा खडक, अशी ती पायरी चढत जाते. हे वर्गीकरण मजुरीचे आहे; खणणाऱ्याच्या घामाचे मोल त्यातून ठरते. निघालेला माल पुन्हा भरल्यावर, दाबल्यावर, भिजल्यावर कसा वागेल, याविषयी ते काहीच बोलत नाही. अहवाल लिहिणारा जेव्हा 'कठीण मुरूम भरावा' असे लिहितो तेव्हा तो खोदाईचा शब्द भरावाच्या वाक्यात नेऊन बसवितो. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असते, अर्थदृष्ट्या ते जागा चुकलेले असते.

यातून होणारे नुकसान काल्पनिक नाही, हे दाखविण्यासाठी थोडे तपशिलात जावे लागेल. काळीवर जो मुरूम घालावयाचा त्याची दोन अगदी निरनिराळी कामे असू शकतात. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवरील कालव्यांच्या निमित्ताने दाखवून दिले की, फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसविला तर खालची फुगण्याची क्रिया आवरली जाते. या थराला चिकटपणा हवा. त्याची द्रवता सीमा साधारण ३० ते ५० च्या दरम्यान असावी असे पुढे भारतीय मानकातही आले. आपल्याकडचा काही तांबडा, मातकट मुरूम या कामास योग्य ठरतो. उलट पायथराचे काम निचऱ्याचे व भार पसरविण्याचे. तेथे चिकटपणा हा दोष आहे. मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार आकार्यता निर्देशांक ६ च्या वर जाता कामा नये आणि द्रवता सीमा २५ च्या वर. भारतीय मार्ग परिषदेच्या मार्गदर्शिकेच्या २००१ च्या आवृत्तीत हा भेद स्पष्ट आहे : न फुगणाऱ्या चिकट मातीचा ०.६ ते १ मीटर जाडीचा थर ही एक गोष्ट, आणि आकार्यता जवळजवळ नसलेल्या मुरमाचा किंवा वाळूचा २२५ मिलिमीटरचा आवरणथर ही दुसरी. ज्या गुणाने मुरूम पहिल्या कामास 'चांगला' ठरतो त्याच गुणाने तो दुसऱ्या कामास वाईट ठरतो.

आता ठेकेदाराने 'चांगला मुरूम' आणला. त्याच्या दृष्टीने चांगला म्हणजे भरड, स्वच्छ, पायाखाली करकरणारा. तो त्याने काळी काढून केलेल्या खड्ड्यात भरला. खाली चिकणमातीचा तळ, चहूबाजूंनी चिकणमातीच्या भिंती, मध्ये पाणी सहज जाऊ देणारा भराव : आवाराखाली त्याने एक हौद बांधला. पावसाचे, वाफ्याचे, फुटलेल्या नळाचे पाणी त्यात उतरते, बाहेर जाण्यास वाट नसते, आणि खालची काळी वर्षभर निवांत पाणी पिते. दुसऱ्या पावसाळ्यात डांबर उचलते. मग डांबर निकृष्ट होते असा आरोप होतो, ठेकेदाराचे बिल अडते, आणि सल्लागार अहवाल उघडून दाखवितो की त्याने चांगलाच मुरूम सांगितला होता. तिघांचेही म्हणणे आपापल्या परी खरे असते.

मिरजेच्या बाजूस एका आवाराच्या कामावर असा एक अहवाल मालकाच्या विनंतीवरून मला मोठ्याने मराठीत सांगावा लागला होता. अर्ध्याहून अधिक मजकूर मुकादमाने मान हलवीत ऐकून घेतला. मुरमाचे वाक्य येताच तो म्हणाला, "सर, मुरूम कंचा सांगितलाय? तांबडा का भुरा?" मी पुन्हा पाहिले. कागदावर तसे काही नव्हते. "चांगला, एवढंच आहे," मी म्हणालो. "चांगला म्हंजे जवळचा," तो म्हणाला, आणि मालकाकडे पाहून हसला. सगळ्या अहवालात विचारावयास हवा होता तो एकच प्रश्न त्याने विचारला होता. रंगावरून मुरमाची परीक्षा होते असे मी म्हणत नाही. तांबडा मुरूमही प्रयोगशाळेत नापास होऊ शकतो. परंतु मुरूम एक नसतो हे त्याच्या भाषेला ठाऊक होते, आणि अहवालाच्या भाषेला नव्हते.

दुसरा आक्षेप क्रियापदाचा आहे. भारतीय मानकांच्या इंग्रजीत 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'शुड' म्हणजे सल्ला, असा भेद कटाक्षाने पाळला जातो. अहवालांत तो बहुधा ढिला होतो, आणि तोंडी मराठी करताना तर नाहीसाच होतो, कारण दोहोंसाठी आपण विध्यर्थ वापरतो. मराठीचा विध्यर्थ मोठा उदार आहे. 'मुलांनी खोटे बोलू नये' यात कर्तव्य आहे, 'पाऊस यावा' यात इच्छा, 'तो घरी पोहोचला असावा' यात तर्क. 'मुरूम दाबावा' हे यांपैकी काय? ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. आपल्या अधिनियमांच्या मराठीने या अडचणीतून वाट काढताना भविष्यकाळाचा आश्रय घेतला : 'करील', 'असेल', 'राहील'. न्यायालयात ते चालते; रोलरवाल्यास 'मुरूम दाबला जाईल' असे सांगितले तर तो कोणीतरी दाबील म्हणून वाट पाहील. शिवाय कर्माला पुढे करणाऱ्या या रचनेत कर्ता सहज गळून पडतो. शासकीय रस्त्यावर निदान कनिष्ठ अभियंता असतो, मोजमाप-वही असते. खाजगी आवारात सल्लागार आणि रोलर यांच्यामध्ये फक्त हे वाक्य असते, म्हणून त्यात कर्ता असणे येथे अधिक अगत्याचे आहे. आवारातील रहदारी महामार्गासारखी नसते, हेही विसरून चालणार नाही. मालमोटारी तेथे उभ्या राहतात, जागच्या जागी वळतात, गळणाऱ्या डिझेलने डांबर मऊ पडते. महामार्गासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतील वाक्य उचलून येथे ठेवले की ते आणखी एका अर्थाने जागा चुकलेले असते. माल उतरविण्याच्या फलाटापुढे डांबराऐवजी काँक्रीट करावे, एवढे लिहिण्याची तसदी मी पाहिलेल्या अहवालांपैकी थोड्यांनीच घेतली आहे.

मग हे अहवाल मराठीत लिहिले तर प्रश्न सुटेल काय? आपल्या विभागात या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने 'होय' असे दिले जाते. मला तसे वाटत नाही. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले. राजभाषा अधिनियम १९६४ चा. मराठी विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातच, वाईस, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली चालले आणि त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. या परंपरेने दिलेल्या शब्दांत काही फार चांगले आहेत. 'आकार्यता' हा तसा आहे : मातीला आकार देता येणे हा अर्थ शब्दातच उघड होतो, आणि मूळ इंग्रजी शब्दाने होणारा प्लॅस्टिकचा गोंधळ टळतो. 'यामिकी' आणि 'यांत्रिकी' या एकाच अर्थाच्या दोन शब्दांनी विद्यार्थी भांबावतात हे खरे, पण तो दोष सवयीने जाईल. रस्त्याच्या थररचनेला 'फरसबंदी' म्हणणे मात्र मला मान्य नाही. फरसबंदी म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वाड्याचा चौक उभा राहतो, डांबरी आवार नव्हे. 'डांबर' या शब्दाचे दुखणे वेगळे आहे. दगडी कोळशापासून निघणारे डांबर, खनिज तेलापासून निघणारे बिटुमेन आणि खडी मिसळून तयार झालेला माल या तिन्हींवर आपण तो एकच शब्द टाकतो. आवारात वापरतात ते दुसरे, आणि दर ठरतो तिसऱ्याचा.

या उलट 'खडीकरण', 'डांबरीकरण', 'मजबुतीकरण' हे शब्द पाहा. देशी वा फारसी अंगाला संस्कृत प्रत्यय लावून ते घडले आहेत. शुद्धिवाद्याने नाक मुरडावे असेच आहेत. कोणत्या समितीने ते घडविले हे कोणास सांगता येणार नाही, आणि आज खेड्यातील ग्रामसभेतही त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. परिभाषा करणाऱ्यांनी मोजलेल्या गोष्टींना नावे दिली. कामावरच्या माणसांनी कृतींना नावे दिली. 'मुरूम' या दोहोंच्या मध्ये पडला. तो परिचयाचा असल्यामुळे कोशकाराला त्याची व्याख्या करण्याची गरज भासली नाही, आणि मराठी असल्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याची चाचणी सांगण्याची. नुसते भाषांतर केल्याने तो तेथेच पडून राहील. इंग्रजीतील 'चांगला मुरूम' मराठीत 'उत्तम प्रतीचा मुरूम' होईल इतकेच.

हवी आहे ती मुरमापुढे आकडा ठेवण्याची सवय, मग भाषा कोणतीही असो. शिफारशीचे ते वाक्य कसे लिहिता येईल याचा एक मासला येथे देतो. जाडी आणि खोली जागेगणिक बदलेल, म्हणून ती सोडली आहे. "काळीवरील पहिला भराव हा चिकट पण न फुगणाऱ्या तांबड्या मातकट मुरमाचाच असला पाहिजे. ठेकेदाराने तो ज्या खाणीतून आणावयाचा तेथील नमुना आधी तपासून घेतला पाहिजे. द्रवता सीमा ३० ते ५० च्या बाहेर गेल्यास ती खाण चालणार नाही. भरड, करकरणारा मुरूम या थरात चालणार नाही. मुरूम २०० मिलिमीटरच्या थरांनी टाकून, प्रत्येक थर कमाल कोरड्या घनतेच्या ९७ टक्क्यांपर्यंत दाबल्याचे मालकाच्या अभियंत्याने पाहिल्यावाचून ठेकेदाराने पुढचा थर टाकता कामा नये. भरड मुरूम वरच्या पायथरात वापरता येईल. तेथे आकार्यता निर्देशांक ६ पेक्षा अधिक नसावा, आणि पायथरातील पाणी बाहेर जाण्यास कडेच्या गटारापर्यंत वाट ठेवलीच पाहिजे. झाडांचे वाफे डांबराच्या कडेस लागून करू नयेत."

हे गद्य सुंदर नाही. यात 'चांगला' हा शब्द एकदाही नाही, बंधन आणि मुभा यांची क्रियापदे वेगळी आहेत, प्रत्येक कामाला एक कर्ता आहे, आणि जेथे मुकादमाचा शब्द नेमका होता तेथे तो आकड्याच्या शेजारी ठेवला आहे. हा मासला मी त्याच मुकादमाला वाचून दाखविला. त्याने दोन दुरुस्त्या सुचविल्या. 'मातकट' म्हटले तर लोक वरची नांगरटीची मातीच भरून आणतील, म्हणून खाणीचा उल्लेख त्याच्या आधी यावा, ही पहिली. ती मला पटली आहे. दुसरी अशी की २०० मिलिमीटर कोणी मोजीत नाही, वीत म्हणावे. तिच्याविषयी मी अद्याप निर्णय केलेला नाही, कारण वीत त्याची आणि माझी सारखी नाही.